एकटेच का?

प्रवासांत माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारतात, हें ज्यानें एकट्यानें मोटार हांकीत दूरचा रस्ता धरला असेल त्यालाच ठाऊक. कोठून आलां, कोठें निघालां, हे प्रश्न मागाहून येतात. गेल्या वैशाखांत ताम्हिणी घाट उतरून माणगांवच्या अलीकडे एका टपरीवर मी चहासाठीं उतरलों. चहावाल्यानें पेला पुढें करण्यापूर्वी माझ्या मोटारींतल्या मोकळ्या जागांकडे एकदां नजर टाकली आणि विचारलें, "एकटेच का?"

मीं खोटें सांगितलें. "मंडळी पुढें गेली आहे," म्हणालों.

त्या बिचाऱ्याला माझ्या मंडळीशीं कांहींएक कर्तव्य नव्हतें. त्यानें मान हालवली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पण मी मात्र चहा पितांना मनांतल्या मनांत अगदीं ओशाळून गेलों. साठी उलटलेल्या, उभा जन्म शिकवण्यांत घालवलेल्या माणसानें एका अनोळखी टपरीवाल्याशीं खोटें कां बोलावें? पत्नीला जाऊन तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. घरांत तें मीं पत्करलें होतें. पण रस्त्यावर कोणी विचारलें कीं, जणूं तिकीट नसलेला उतारू तपासनिसाच्या हातीं सांपडावा तसें मला होई. एकटें असणें हा आपल्याकडे अजून थोडासा गुन्हाच आहे. निदान त्याचा खुलासा तरी द्यावा लागतो.

माझी एक भाची मोटारसायकलवरून एकटी हिंडते. तिला हा प्रसंग सांगितला तेव्हां ती म्हणाली, "मामा, तुमची पंचाईत एवढीच कीं उत्तर काय द्यायचं. मला कोणी हा प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याआधीं मी विचारणाराकडे नीट पाहतें." तिचें उत्तर ठरलेलें असतें : भाऊ मागच्या गाडींत आहे. तिचें खोटें ही तिची ढाल आहे. माझें खोटें नुसती लाज होती. पुढें मी जें लिहिणार आहें तें एका वयस्क पुरुषाच्या अनुभवाचें आहे. त्याच रस्त्यावर तिला हींच माणसें भेटलीं असतीं, पण तींच भेटलीं असतीं असें मीं छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं.

पूर्वीं आम्हीं याच कोकणांत किती फेऱ्या केल्या! हरिहरेश्वर, हर्णै, गणपतीपुळें, सारें पाहिलें. पण त्या प्रवासांत भेटलेला एकही मनुष्य मला आठवत नाहीं. आठवतात त्या दशम्या, थर्मासमधला चहा, मुलांचीं भांडणें, आणि खिडकीची कांच चार बोटें खालीं करून विचारलेली वाट. चौघांची मोटार म्हणजे चालतें घर असतें. आणि दुसऱ्याच्या घराचें दार कोणी उगाच ठोठावीत नाहीं. शिवाय आम्हांलाही कोणाचें कांहीं नडलेलें नसे. खाणें बरोबर, बोलणें बरोबर, रुसणेंही बरोबर. एकट्याचें तसें नसतें. त्याच्याजवळ नेहमीं कांहीं तरी उणें असतें. कधीं पाणी, कधीं वाट, कधीं मोटार मागें घेतांना "येऊं द्या, येऊं द्या" म्हणणारा कोणी. मला वाटतें, रस्त्यावर माणसें भेटतात तीं या उणिवेच्या वाटेनेंच आंत येतात.

तुम्हीं सागरी रस्त्यानें कोकणांत उतरलां असाल तर तुम्हांला हें माहीत असेल कीं, त्या रस्त्याला जागोजाग खाड्या आडव्या येतात. सावित्रीच्या खाडीनें रायगड आणि रत्नागिरी हे जिल्हे तोडले आहेत. अलीकडे बागमांडला, पलीकडे वेशवी, मधें फेरीबोट. पुढें दाभोळपाशीं वाशिष्ठी आडवी येते, आणि त्याच्याही पुढें जयगडला शास्त्री. या खाड्यांवर पूल होणार, अशीं बोलणीं पुष्कळ वर्षें चाललीं आहेत. पूल झाले म्हणजे लोकांची मोठी सोय होईल, आणि आजाऱ्याला घेऊन रात्रीं खाडीकांठीं खोळंबलेल्या माणसाला विचारलें तर तो पूल कालच व्हायला हवा होता असें म्हणेल. त्याच्यापुढें माझें म्हणणें अगदीं क्षुल्लक आहे. पण बागमांडल्याच्या धक्क्यावर त्या दिवशीं बोट नुकतीच सुटून गेली होती, आणि पुढचा पाऊण तास मला इकडेतिकडे जातां येत नव्हतें. मोटारीचें इंजिन बंद झालें, उन्हानें दार उघडावें लागलें, आणि दार उघडल्यावर मनुष्य कितीसा वेळ आपलीच वाहनांतली धूळ पुसत बसणार?

धक्क्यावर चिरे भरलेला एक ट्रक होता, आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेला एक टेंपो होता, दोन-तीन मोटारसायकली होत्या, आणि पायीं येणारीं पुष्कळ माणसें होतीं. त्यांत पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या मोटारीच्या सांवलींत येऊन उभे राहिले. सांवली माझ्या मोटारीची, म्हणून त्यांनीं परवानगी विचारली. मी हंसलों. मग त्यांनीं तो प्रश्न विचारला.

"एकटेच काय?"

या वेळीं मीं खरें सांगितलें. कां, तें सांगतां येत नाहीं. बहुधा समोर पाणी पसरलेलें असलें म्हणजे खोटें बोलण्याचा कंटाळा येत असावा.

ते बाणकोटचे. उमेदीचीं वर्षें त्यांनीं जहाजावर खलाशी म्हणून काढलीं होतीं. कोकणांतल्या मुसलमान वस्त्यांत असें घर क्वचितच सांपडेल कीं ज्यांतला कोणी ना कोणी समुद्रापलीकडे गेलेला नाहीं. त्यांचे दोन्ही मुलगे कुवेतला आहेत. डर्बनच्या बाजारांत एका दुकानांतून आपल्याकडची बोली कानीं आली तेव्हां आपण कसे दारांतच उभे राहिलों, आणि त्या दुकानदारानें, ज्याच्या आजानें कोकण सोडलें होतें, आपल्याला जेवल्यावांचून कसें सोडलें नाहीं, ही हकीकत त्यांनीं अगदीं रंगून सांगितली. त्या दुकानदाराचें नांव त्यांना आठवत नव्हतें; जेवणांतल्या माशाचें नांव आठवत होतें.

"मग परत भेटलांत कधीं त्यांना?" मीं विचारलें.

"नाय. जहाज तिसऱ्या दिवशी निघालं. त्यानं सांगितलं होतं, घरी पोचलास की कागद टाक. नाय टाकला." ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. "आता माझे पोरगे गेले की मी तेच सांगतो. पोचल्याचा फोन करा. धाकट्याचा एकदा नऊ दिवस फोन नव्हता. नऊ दिवस ह्याची आई जेवली नाय."

इतक्यांत बोट आली. पुढचा लोखंडी फाळका साखळ्यांच्या खडखडाटासह धक्क्यावर उतरला, आणि जो तो आपापल्या वाहनाकडे धांवला. मीं चाचांना मोटारींत घेतलें आणि वेशवीहून बाणकोटला सोडलें. उतरतांना त्यांनीं माझ्या फोनमध्यें आपला क्रमांक घालायला लावला आणि माझाही घेतला. "मास्तर, घरी पोचलात की फोन करा हां," ते म्हणाले. मीं "अवश्य" म्हटलें.

या जेटीवरच्या पाऊण तासाचा विचार करतांना मला गोडसे भटजींची आठवण झाली. पेण तालुक्यांतल्या वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले ते यज्ञांत दक्षिणा मिळवून घरचें कर्ज फेडावें म्हणून. महूजवळच्या मुक्कामावर कांहीं शिपाई भेटले आणि त्यांच्या बोलण्यांतून या दोघां भिक्षुकांना कळलें कीं आतां मोठा दंगा उसळणार आहे. मुक्काम होता म्हणून गांठ पडली. पायीं चालणें होतें म्हणून मुक्काम होता. त्यांचें 'माझा प्रवास' हें पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध झालें. तें वाचतांना माझ्या मनांत नेहमीं येतें कीं, भटजींना त्या काळीं मोटार मिळती तर ते आठ दिवसांत ग्वाल्हेर पाहून परत आले असते, आणि आपल्याला सांगण्याजोगें त्यांच्यापाशीं कांहींएक नसतें. असो. गोडसे भटजींचीं संकटें त्यांनाच लखलाभ. माझ्या प्रवासांतलें पहिलें संकट फोनमधल्या नकाशानें आणलें.

केळशीच्या अलीकडे त्यानें मला सरळ एका नारळी-पोफळीच्या वाडींत नेऊन सोडलें आणि तेथें तो स्वतःच मूक झाला. पुढें बांध, मागें वळायला जागा नाहीं. अंगणांत एक आजी कोकमाचीं सालें उन्हांत पसरीत होत्या. त्यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. त्यांना माझ्या येण्याचें तिळभरही आश्चर्य वाटलें नाहीं. "चुकलाव. सगळी हितंच चुकतात," त्या म्हणाल्या, जणूं तें घर वाट चुकणारांसाठींच तेथें बांधलेलें होतें. मग गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आलें. विहिरीचें पाणी, त्याची चव मी येथें वर्णूं शकणार नाहीं. त्यांनींही मोटारींत डोकावून तोच प्रश्न केला, मीं सांगितलें, आणि सुस्कारा, देवाची इच्छा, वगैरे जें पुढें यायचें त्याची मी वाट पाहूं लागलों. तें कांहींच आलें नाहीं. त्या आंत गेल्या आणि एका जुन्या पिशवींत वाळलेलीं आमसुलें घालून घेऊन आल्या. "तुमास्नी कडी करता येती का?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

येते, म्हणून मीं सांगितलें. येत नव्हती. पुण्याला आल्यावर शिकलों.

पैसे त्यांनीं घेतले नाहींत. वाडींतून मोटार मागें काढायला शेजारचीं दोन पोरें आलीं, आणि त्यांनीं इतक्या जोरानें इतक्या परस्परविरुद्ध सूचना केल्या कीं एका पोफळीला माझा घांसता निसटता स्पर्श झाला. तो ओरखडा मीं अजून बुजवलेला नाहीं.

हर्णैहून दापोलीकडे चढ चढतांना दुपारीं मागचें चाक बसलें. स्टेपनी होती, जॅक होता, पान्हाही होता. फक्त नट गंजलेले होते आणि माझ्या दंडांत त्यांना हालवण्याची शक्ति नव्हती. मी घामाघूम होऊन पान्ह्याशीं झटत असतां एक तरुण स्कूटर थांबवून उतरला. त्यानें मला बाजूला सारलें, पान्ह्यावर पाय देऊन दोनदां उडी मारली, आणि पंधरा-वीस मिनिटांत चाक बदलून दिलें. बोलला फार तर पांच वाक्यें. त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याला काळे डाग पडले. तो कोठल्याशा साखरपुड्याला चालला होता, हें मला तो निघतांना कळलें. मीं पाकीट काढलें तेव्हां तो अक्षरशः रागावला. "काका, ठेवा तें. उशीर झालाय," म्हणाला आणि गेला. नांव विचारायचें राहिलें.

येथवरचें सारें सांगायला सोपें आहे. असल्या हकीकती घरीं येऊन सांगितल्या कीं ऐकणारे म्हणतात, जगांत चांगलीं माणसें आहेत हो अजून. मग सांगणाराला वाटतें, त्या चांगल्या माणसांत आपलीही गणना झाली. म्हणून पुढची हकीकत मीं अद्याप कोणालाही सांगितलेली नाहीं, भाचीलाही नाहीं.

त्याच संध्याकाळीं मीं दाभोळची खाडी ओलांडली. दाभोळ-धोपावें ही फेरी २००३ सालीं सुरू झाली. तोंवर मोटारीनें गुहागरला जाणाराला चिपळूणचा वळसा घ्यावा लागे. बोटींतून उतरून मी गुहागरच्या रस्त्याला लागलों तेव्हां सूर्य बुडाला होता आणि झाडीखालचा रस्ता काळा पडूं लागला होता. एका वळणावर एक बाई उभी होती. जवळ सात-आठ वर्षांचा मुलगा, खांद्यावर पिशवी. शेवटची एस्टी गेली असावी. तिनें हात केला.

माझा पाय ब्रेकवर गेला. मोटार मंदावली, आणि मुलगा धांवण्यासाठीं एक पाऊल पुढें आला, हेंही मीं पाहिलें. तेवढ्या अवधींत माझ्या मनांत काय काय येऊन गेलें! वर्तमानपत्रांत वाचलेल्या लुबाडणुकीच्या बातम्या आल्या. झाडीमागें कोणी दबा धरून बसलें असेल, असें आलें. एकटा पुरुष, सांजवेळ, परकी बाई, उद्यां कोणी कांहीं म्हणालें तर, असेंही आलें. आणि पाय ब्रेकवरून उचलला गेला. आरशांत मीं पाहिलें तेव्हां बाईचा हात अजून वरच होता. तो तिनें खालीं घेतलेला मीं पाहिला नाहीं. त्याआधीं वळण आलें.

दोन-एक किलोमीटर गेल्यावर मी थांबलों. मोटारींत माझ्या शेजारीं आमसुलांची पिशवी होती. मागच्या आसनावर काढलेलें चाक पडलें होतें, कारण डिकींत तें परत बसवण्याइतकाही मला धीर नव्हता. चार माणसांची मोटार, आणि तींत एक मनुष्य, एक पिशवी नि एक पंक्चर झालेलें चाक. मीं मोटार वळवली. वळणावर कोणी नव्हतें. दुसऱ्या कोणी त्यांना घेतलें असेल. आडवाटेनें तीं चालत गेलीं असतील. घर कदाचित् जवळच असेल. हें सारें संभवनीय होतें आणि मीं तें सारें स्वतःला सांगून पाहिलें. मी दिवे मालवून तेथें कांहीं वेळ उभा राहिलों. रातकिड्यांवांचून कशाचाही आवाज नव्हता.

गुहागरला एका घरगुती खानावळींत उतरलों होतों. रात्रीं जेवण झाल्यावर ओटीवर यजमानांना मीं विचारलें, रात्रीं रस्त्यांत कोणी हात केला तर तुम्ही थांबतां का? कोणाविषयीं विचारतों तें मीं सांगितलें नाहीं. त्यांनीं सुपारी कातरतां कातरतां विचार केला. "ओळखीचं असलं तर थांबतों. नसलं तर..." ते म्हणाले, "खरं सांगूं? आतां नाहीं थांबत. पूर्वीं थांबत असूं." मला वाटलें होतें, या उत्तरानें मला बरें वाटेल. वाटलें नाहीं. तेवढ्या वेळांत माझ्या लक्षांत एवढेंच आलें कीं, दुपारचा तो तरुण थांबला त्या वेळीं त्यालाही कांहीं ना कांहीं वाटलें असेलच; निर्जन चढ, एक अनोळखी मोटार, आणि साखरपुड्याला होणारा उशीर. माझ्यापाशीं उशीर होण्यासारखें तर कांहींच नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मीं जो हात करील त्याला घेण्याचा धडाका लावला. हेदवीजवळ एक निवृत्त शिक्षक मिळाले. त्यांनीं तवसाळच्या जेटीपर्यंत आपल्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणाची इतकी साद्यंत माहिती दिली कीं, वाटेंतला समुद्र मीं पाहिलाच नाहीं. आपण करतों तें परोपकाराचें काम आहे कीं प्रायश्चित्ताचें, अशी शंका मला मधूनमधून येत होती. पण प्रायश्चित्त म्हटलें म्हणजे तें सुखाचें असावें अशी अपेक्षा करणें बरोबर नव्हे. जयगडला उतरल्यावर ते म्हणाले, "तुम्हीं फार कमी बोलतां." मीं त्यांची क्षमा मागितली.

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गें मी घरीं आलों. फोनमध्यें आतां कांहीं नवीं नांवें होतीं, तीं खरीं नांवें नव्हेतच : 'फेरी बाणकोट', 'गुहागर जेवण', 'मास्तर हेदवी'. यांपैकीं एकालाही मीं फोन केला नाहीं. पहिल्या दिवशीं दमलों होतों; दुसऱ्या दिवशीं वाटलें, आतां उद्यां; आठवड्यानंतर वाटलें, आतां फोन केला तर उशिराचें कारण सांगावें लागेल. मग पाऊस लागला.

आषाढांत एका संध्याकाळीं दिवे गेले होते. मी अंधारांत चुलीपाशीं आमसुलाची कढी ढवळीत उभा होतों. ती नासूं नये म्हणून सारखी हालवावी लागते, हें आतां मला ठाऊक झालें होतें. फोन वाजला. पडद्यावर 'फेरी बाणकोट' अशीं अक्षरें उजळलीं.

"मास्तर," पलीकडून पावसाच्या आवाजांतून हांक आली, "नंबर हरवला होता. नातवानं आज शोधून दिला. पोचलात ना घरी?"

"पोचलों, चाचा," मीं म्हटलें.

"मग बरं," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.